दत्ताचा वस्तरा आणि दोन दगड

दत्ता वाद अर्धवट टाकून मेला. आज वर्ष झालं, माझा राग अजून गेलेला नाही.

चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच टूलरूममध्ये. तो ग्राइंडरवर, मी शेजारच्या मशीनवर.

दाढी तो आजोबांच्या वस्तऱ्यानेच करायचा. ट्रिमर वगैरे सगळा पोरखेळ. वस्तऱ्याला धार लावायला दगडही आजोबांचाच. काळा, नैसर्गिक, वापरून वापरून मधोमध खोलगट झालेला.

त्याचं बघून मलाही नाद लागला. मी वस्तरा घेतला, पण दगड घेतला सिंथेटिक. कारखान्यात बनवलेला, सपाट, सगळीकडे एकसारखा दाणा.

झालं. तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही.

"आरं, माझा दगड देवानं केलाय," तो म्हणायचा. "तुझ्याला गॅरंटी कार्ड हाय."

अरे बाबा, दिवसभर कारखान्यात बनलेल्याच ग्राइंडिंग व्हीलवर एकेक मायक्रॉन घासून काढतोस, तिथे देव आठवत नाही?

तर म्हणे, ते पोटासाठी, हे तोंडासाठी.

एकदा माझा दगड ट्रायलला म्हणून घरी घेऊन गेला. तो पाण्यात भिजवून वापरायचा असतो, हे दहादा सांगितलं होतं. ह्या शहाण्याने त्यावर खोबरेल चोळलं, आजोबांच्या दगडाला चोळायचा तसं. तेल आत मुरलं, दगड कायमचा बाद.

परत देताना चेहऱ्यावर काही नाही.

"बघ, न्हाई लागत धार. म्हटलं व्हतं तुला."

डोकं फिरलं माझं. बरेच दिवस बोललो नाही. मग नवा दगड आणला आणि ठणकावलं, आता फैसला. तुझ्या एका गालाला तुझ्या दगडाची धार, दुसऱ्याला माझ्या.

फार टाळाटाळ करून रविवार कबूल केला.

गुरुवारी गेला. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये बसला, पिंपळे सौदागरचा स्टॉप आला तरी उठला नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्याचा मुलगा माझ्या घरी आला. हिंजवडीत आयटीत आहे, वस्तरा कधी हातात धरलेला नाही. पण देहूच्या घाटावर मुंडण करायचं ते बाबांच्याच वस्तऱ्याने, असा हट्ट. फडक्यात गुंडाळलेला वस्तरा आणि तो काळा दगड माझ्यापुढे ठेवला. धार तेवढी लावून द्या काका, म्हणाला.

अख्खी दुपार मी दत्ताच्या दगडाशी झटलो. अगदी मनापासून. पण त्या खोलगट दगडावर पातं कसं फिरवायचं ते त्याचा हात जाणे. माझ्या मनगटावरचे केसही ओढले जात होते. असला वस्तरा पोराच्या डोक्यावर फिरवायचा?

शेवटी माझा दगड भिजत घातला.

घाटावरच्या नाभिकाने नखावर धार पाहिली आणि खूश झाला. कुणी लावली म्हणून विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगं म्हणालं, "बाबांच्या दगडाची धार आहे."

डोळे भरलेले होते त्याचे. टूलरूमची सगळी मंडळी माना डोलवायला लागली. दत्ता म्हणायचाच, दत्ता म्हणायचाच.

मीही मान डोलावली. मुंडण झालं, रक्ताचा एक थेंब नाही.

म्हणजे जिंकलो मी, आणि कौतुक दत्ताचं. मेल्यावरही हरला नाही लेकाचा.

वर्षभर हे पोटात ठेवलंय. पोरा, वाचत असशील तर काकावर रागावू नकोस. तुझ्या डोक्याला जपलं, एवढंच केलं.

आणि खरं सांगू? जिंकल्याचा काडीचा आनंद नाही. टूलरूममध्ये आता मी काहीही म्हणालो तरी सगळे हो म्हणतात. वैताग आलाय त्या हो-होचा.

दत्ता, भावा, तुला मनापासून नमस्कार. फार आठवण येते.

पण धार माझ्या दगडाची होती.

ये, आणि म्हण न्हाई.