विसरभोळ्याचं कुलूप

सरकारी रुग्णालयाचं काम इतकं रखडलं होतं की गेटावरचा फलकसुद्धा गंजून गेला होता. लिफ्टवाले एका कंत्राटदाराचे, केबलवाले दुसऱ्याचे, पंपवाले तिसऱ्याचे; कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. या सावळ्या गोंधळात एकच माणूस शिस्तीचा पक्का. तळघरातल्या मुख्य बोर्डापाशी स्टुलावर बसणारा बोर्डवाला.

त्याचा नियम साधा. केबलला हात घालायचा तर आधी वीज बंद करून खटक्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी बोट जरी लावलं, तरी बोर्डवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

पण नशिबी आला होता केबलवाल्यांतला बायकोचा धाकटा भाऊ. कामाला वाघ, डोक्याने पार विसरभोळा. दोनदा खटक्याला कुलूप तसंच ठेवून स्वारी खुशाल घरी गेली, सगळी साइट अडून बसली, आणि बोलणी खाल्ली बोर्डवाल्याने. पुढच्या वेळी कुलूप मीच कापीन, असं त्याने मेव्हण्याला सगळ्यांदेखत ठणकावलं होतं.

लिफ्टची चाचणी खरं तर उद्या होती. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून कुणीतरी ती आजच ठेवली. केबलवाल्यांना मात्र कुणी कळवलंच नाही. कळवायचं कुणी, यावरून दोन ऑफिसांची अजून जुंपलेली होती. आणि लिफ्टला वीज देणाऱ्या खटक्यावर मेव्हण्याचं कुलूप.

त्याचा फोन लागेना. गेटवाला म्हणाला, केबलवाले मघाशीच बाहेर पडले. लिफ्टचा इंजिनिअर तर डोक्यावर मिरी वाटत उभा. चाचणी हुकली तर बोर्डवाल्याने उद्यापासून यायची तसदी घेऊ नये, असं त्याने सुनावलं. बोर्डवाल्याचं डोकं फिरलं. गेला असेल घरी, लाटसाहेब! त्याने कटर उचलला, कुलूप कापलं आणि खिशात कोंबलं. खटका चालू करा, असं आपल्या माणसांना सांगायला इंजिनिअर वळला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. भाऊ आज जेवायला येतोय, येताना त्याला सोबतच आणा, म्हणाली. वरच्या मजल्यावरचं जोडकाम उरकून निघतो, असं त्याने तिला सांगितलं होतं.

बोर्डवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. खटक्याला हात लावू नका, असं तो ओरडला, पण पंपांच्या घरघरीत ऐकतो कोण? आपलं स्वतःचं कुलूप तिथे अडकवावं, एवढंही त्याला सुचलं नाही. तो जिन्याकडे धावत सुटला. गुडघे बोंबलत होते, छाती फुटायला आली होती, आणि तोंडाने एकच जप, देवा, पोराला वाचव.

मेव्हणा भिंतीतल्या केबलच्या कोनाड्यात अर्धा आत शिरलेला होता. बोर्डवाल्याने पट्ट्याला धरून त्याला मागे खेचलं. दोघे जमिनीवर आपटले न आपटले तोच आत ताडकन ठिणगी उडाली आणि कोनाडा धुराने भरला.

मग मेव्हण्याने खिसे चाचपत किल्ली बाहेर काढली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"भाऊजी, शपथ, मी लावलं होतं," तो रडवेला होऊन म्हणाला. "म्हणजे, लावलं होतं असंच वाटतंय मला. ताईला नका सांगू. पुन्हा नाही विसरणार."

गप्प बसावं, असं क्षणभर बोर्डवाल्याच्या मनात आलं. पोराला कधीच कळलं नसतं. त्या विचाराची त्याची त्यालाच किळस आली. त्याने खिशातलं कुलूप काढून मेव्हण्याच्या हातावर ठेवलं.

"तू विसरला नव्हतास," तो म्हणाला. "मी कापलं."