नुसती वाफ

फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा नवऱ्याने सिगारेट सोडली आणि तोंडात धरायचं एक यंत्र आणलं. “अगं, ही देन्शी, म्हणजे जपानीत इलेक्ट्रॉनिक. नुसती वाफ, तंबाखू नाही,” तो म्हणाला. मला ते पटलं नाही. नुसत्या वाफेसाठी कोणी जेवण अर्धं टाकून बाल्कनीत जात नाही.

घरचा कचरा मीच वेगळा करते. जाळायच्या कचऱ्यात पेराएवढी थोटकं सापडली. एक फोडलं, तर आत तपकिरी पानाचा चुरा. उरलेली मी त्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला नेली.

डॉक्टर त्याला म्हणाले, “इथे लोक वाफेच्या आणि तंबाखूच्या, दोन्ही यंत्रांना देन्शीच म्हणतात. पण यात तंबाखू तापवतात, म्हणजे तुमची तंबाखू सुटलेली नाही. ऑपरेशनआधी पूर्ण सुटायला हवी. वाफेचं दुसरं यंत्रही मी सुचवणार नाही. निकोटिनची पट्टी देतो.”

नवरा मराठीत पुटपुटला, “माझा कचरा तपासतेस?”

“तपासत नाही. वेगळा करते.”

त्याने खिशातून यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं. “हे कुठल्या कचऱ्यात?”

“बॅटरीच्या. आणि लपवलेलं दुसरं कुठे आहे?”

मग त्याने बॅगेची चेन उघडली.