दात नसलेल्यांची सिस्टर

सिस्टरला घरातही सगळे सिस्टरच म्हणत. नवऱ्याने थट्टेत सुरुवात केली आणि ते नाव कायमचं चिकटलं. वेळेआधी जन्मलेल्या, मुठीएवढ्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून जगवायचं, हे तिचं काम. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, चौदा वर्षं काढलेली बाई. मग नवऱ्याची बदली झाली आणि सिस्टर या नव्या शहरात येऊन पडली, हातात काम नाही आणि डोक्यात नुसता राग.

नणंद याच शहरातली, मनाने चांगली, पण प्रत्येकाच्या संसारात हात घातल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. सामान सोडायच्या आत तिने नोकरी ठरवूनही टाकली.

"दातांच्या डॉक्टरकडे जागा आहे. बसून काम, संध्याकाळी घरी. आणखी काय हवं?"

"वन्सं, दात आलेल्या माणसांशी माझं जमत नाही," सिस्टर म्हणाली.

नवरा हसला. नणंद नाही हसली.

मोठ्या इस्पितळातून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा नणंदेने तिला समोर बसवलं. अशी ओकीबोकी जाणार का, म्हणत मनगटात आपलं सोन्याचं कडं घातलं आणि नखांना गुलाबी रंग लावला. सिस्टरने लावू दिला. इतकी वर्षं नखं बोडकी ठेवलेल्या बाईला त्या दिवशी कुणीतरी नटवलेलं बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

मुलाखतीत मेट्रन बाईंनी, तिथल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, कागद उघडलेच नाहीत. तिच्या हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "कळवतो."

तेव्हा कुठे सिस्टरची नजर स्वतःच्या नखांवर गेली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन ती मोरीत उभी राहून रंग खरवडू लागली, तोंडाने स्वतःलाच शिव्या घालत.

"एवढ्याशा रंगाने कुणाचं काय बिघडतं गं?" नणंद दारातून म्हणाली.

"जंतू त्याच्याखाली दडतात, वन्सं. नवीन पोरींना याच एका चुकीसाठी मी दारातून परत पाठवायचे." तिने नेलकटर घेतलं आणि नखं मुळापासून कापली. कडं परत नणंदेच्या हातात ठेवलं.

चार दिवस फोनची वाट पाहिली. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा दोनदा निरोप आला. नवराही हळूच म्हणाला, "तोवर ते धर ना." सिस्टरने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून झाडांना पाणी घालायला गेला.

पाचव्या दिवशी सकाळी, न बोलावता, ती मेट्रन बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जागा आहे," मेट्रन बाई म्हणाल्या, "पण मोठ्यांच्या वॉर्डात. वर्षभर तिथे करा, मग बघू."

"नाही करणार."

मेट्रन बाईंनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"त्या दिवशी मी नखं रंगवून आले. चूक माझीच. तुमच्या जागी मी असते तर मीही घरी पाठवलं असतं. पण त्याची शिक्षा म्हणून माझं काम सोडणार नाही. आज हाकललंत तर उद्या परत येईन."

"मोठ्यांनाही सिस्टर लागतेच की."

"लागते. पण मोठा माणूस दुखलं की ओरडतो, बेल दाबतो, नातेवाईक धावत येतात. घशात नळी घातलेलं बाळ रडतं ना बाई, तेव्हा नुसतं तोंड उघडतं, चेहरा वेडावाकडा होतो, आवाजच येत नाही. आत कुणीतरी बघतच बसलेलं लागतं. आणि त्याच्यासाठी भांडणारं लागतं. मी भांडखोर आहे, विचारा माझ्या घरी."

आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं. तिला त्याची पर्वा नव्हती. संपलं तर संपलं, पण बोलून संपू दे.

मेट्रन बाई उठल्या. तिला कॉरिडॉरच्या टोकाच्या बंद दारापाशी घेऊन गेल्या. दाराबाहेर बेसिन होतं. आतून यंत्रांची बारीक टिकटिक ऐकू येत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सिस्टरला या शहरात ओळखीचं काही भेटलं.

"हात दाखवा," मेट्रन बाई म्हणाल्या. तिने दहाही बोटं पुढे धरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"आत तीन बाळं आहेत आणि आज एक सिस्टर कमी आहे. दिवसभर माझ्यासमोर काम करा. धुवा हात, कोपरापर्यंत. बाह्या वर घ्या."

पण बाह्या सिस्टर घरूनच दुमडून आली होती.