जावळ आणि शेजारच्या आजी

आज ५ मे. गराज आवरताना केस कापायचं जुनं मशीन सापडलं. मुलगी वर्षाची झाल्यावर तिचं जावळ इथे परदेशात, ईडन प्रेरीतल्या आमच्या घरामागेच काढलं होतं. ती रडायला लागताच शेजारच्या बोस्नियन आजी धावत आल्या, तिला उचलून स्वतःच्या घरात गेल्या आणि आतून कडी लावली. मी दार ठोठावत म्हटलं, "आजी, आमची पद्धत आहे ही!" आतून आजी ओरडल्या, "तेही म्हणाले होते, उवांसाठीच कापतोय!" नवरा म्हणाला, "यार, पोलिसांना बोलाव." मी पायरीवर बसले. आजी दाराआडून थकल्या आवाजात सांगत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या सैनिकांनी पार्टिझनांना, म्हणजे डोंगरात लपून लढणाऱ्यांना, शोधत डोंगर पिंजून काढले, गाव जाळलं, बायकापोरांना छावणीत कोंडलं. तिथे आजींच्या धाकट्या बहिणीचं डोकं भादरलं आणि तिला कुठेतरी नेलं, ते कायमचंच. सांगून संपल्यावर त्यांनी दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेकेअर कॅन्सल केलं, मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ऑफिसला गेले.