आयता गिअर

"या रे, सगळे बाहेर या. बाई गिअर टाकणार हाय."

मालक खुर्चीवरून उठले नाहीत. नुसता हात हलवला. लातूरच्या औसा रोडवरचं ट्रान्सपोर्टचं आवार. ड्रायव्हर आले, हमाल आले, चहावाला किटली घेऊन आला. कुणीतरी मोबाईल काढला. मी ड्रायव्हरच्या नोकरीसाठी ट्रायल द्यायला आले होते.

आधी मालकांनी आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं. मग गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारलं. ते सांगितल्यावर त्यांनी माझं लायसन हातात घेतलं नाही. "ठेव तिथं," म्हणाले.

मी आधीच बोलले होते, "मालक, मी ऑटोमॅटिक ट्रकवर शिकलेय. क्लचच्या गाडीचा हात बसला न्हाई अजून."

"बस तर खरं."

गाडी वजनकाट्याच्या चढावर उभी. मागं तुरीची पोती भरलेली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. मग मागं सरकली. मी ब्रेक दाबून धरला. मागं कुणीच नव्हतं. तरी माणसं "मेलो, मेलो" ओरडत पळायचं सोंग करायला लागली.

"उतर खाली," मालक म्हणाले. "तुमच्या लोकांना सगळं आयतं पायजे. शिक्षण आयतं, नोकरी आयती. आता गिअर बी आयता. गाड्या धुवायला ये वाटलं तर. तिथं क्लच लागत न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. का हसले, माहीत नाही. भीतीनं असेल. ते माझं हसणं मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले. डोक्यात तोच शब्द. आयतं. माझा बाप उदगीरच्या मोंढ्यात हमाली करतो. त्याची मान आता सरळ होत नाही, झोपतो तोही वाकूनच. आई दुसऱ्याच्या रानात खुरपते. आमच्या घरात आयतं काय आलं? शिव्या आल्या. त्या मात्र न मागता.

ड्रायव्हिंग शिकले नांदेडला. ट्रेनिंग सेंटरवर नवी गाडी आली होती, तिच्यावरच शिकवत. दोन पेडल, डाव्या पायाला काम नाही. विष्णुपुरीकडच्या रस्त्यावर मी भरलेला ट्रक चालवला. आरसे बघणं, उतारावर वेग धरणं, अरुंद जागेत मागं घेणं, सगळं केलं. गिअर आपोआप पडतो. रस्ता आपोआप कापला जात नाही. पण हे त्या आवारात मला बोलता आलं नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीत गफूरचाचा. सगळी उमर ट्रकवर गेलेली. त्यांना सगळं सांगितलं.

"बेटा, तो माणूस घाण बोलला. पण आपल्याकडं अजून क्लचच्याच गाड्या लई हायत. ती शिक. त्याच्यासाठी न्हाई. पोटासाठी."

"म्हणजे ऑटोमॅटिकवर शिकले ते वाया?"

"वाया कसं? नव्या माणसाचं ध्यान रस्त्यावर राहतं. आमचं सगळं ध्यान गिअरमधी जायचं. लई जण ठोकायचे." मग पायजमा वर करून त्यांनी डावा गुडघा दाखवला. सुजलेला. "हे क्लचनं केलं. याला मर्दानगी म्हणतात लोक. म्हणू दे."

त्यांनी एका ओळखीच्या वीटभट्टीवाल्याचा जुना ट्रक मिळवला. सकाळी सकाळी आम्ही गावाबाहेर जायचो. अर्धा क्लच कुठं धरतो, ते त्यांनी कानानं शिकवलं. "इंजिन ऐक. ते सांगतं." चढावर हँडब्रेक लावून गाडी कशी उचलायची, ते शिकले. गाडी मागं सरकायची थांबली. माझाही गुडघा दुखायला लागला.

मग पुन्हा लातूरला गेले. त्याच आवारात.

दारात नवा कोरा ट्रक होता. झेंडूचा हार, बोनेटवर हळदकुंकू. ऑटोमॅटिक. मालकांच्या पुतण्यानं तो नुकताच आत आणला होता. एक म्हातारा ड्रायव्हर त्याला म्हणाला, "धाकटे मालक, आमच्या जुन्या गाडीवर बी एक चक्कर मारा की."

"छे, मला क्लचची गाडी येत न्हाई," तो हसत म्हणाला.

मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कशाला यायला पायजे? जमाना बदलला. टेक्नॉलॉजी हाय ही. पाय दुखत न्हाई, डिझेल वाचतं."

मी तिथंच उभी होते. तीच दोन पेडल. त्याच्या पायाखाली आली की टेक्नॉलॉजी. माझ्या पायाखाली आली की सवलत. तेव्हा कळलं, गिअरचा प्रश्न कधी नव्हताच. मला तो चढ चढता आला असता, तरी त्यांनी दुसरा चढ काढला असता.

तरी लायसन पुन्हा मालकांच्या पुढ्यात ठेवलं आणि ट्रायल दिली. तीच जुनी गाडी, तोच काटा. गाडी हिसका न देता वर गेली. कुणी हसलं नाही.

मालक म्हणाले, "जमलं की. उद्यापास्नं ही जुनी गाडी घे. मी तवा बोललो म्हणून शिकलीस, ध्यानात ठेव."

मी किल्ली काढून खाली उतरले.

"मालक, आता धाकट्या मालकांना ह्या गाडीत बसवा. ह्याच चढावर. सगळ्यांना बोलवा. मी बी बघते."

"त्याची बरोबरी करायलीस तू?"

"व्हय."

किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. माझं लायसन उचललं आणि फाटकाबाहेर आले. मागून शिवी आली. वळले नाही.

त्यानंतर लातुरात मला कुणी काम दिलं नाही. भांडखोर बाई, असं नाव झालं. आता उदगीर ते देगलूर पेंडीच्या पोत्यांचा ट्रक चालवते. जुनाच, क्लचचा. पगार कमी, गुडघा सुजतो. गफूरचाचा विचारतात, तवा ती नोकरी घेतली असती तर? मी टायरची हवा बघायला उठते.

कुठं नव्या कामाला गेले की म्हणतात, ट्रायल द्यावी लागंल. देते. कोणतीही गाडी आणा, चालवते. पण आधी एक विचारते, सगळ्यांची ट्रायल अशीच घेता का? समोरचा घुटमळला, तर मी केबिनची पायरी चढत नाही.