आत्याचा सकाळचा स्कोर

टेनिसच्या चेंडूवरचं गावचं क्रिकेट आणि स्वतःचं हृदय, या दोन्हींची कॉमेंट्री सारख्याच तारस्वरात करणारी बाई अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे आणि ती चामटोलीत राहते. ती माझी आत्या. पृथ्वीतल मी फारसं पाहिलेलं नाही, अंबरनाथहून निघालो तर कर्जतच्या पुढे क्वचितच गेलोय. पण या बाबतीत मला तिळमात्र शंका नाही.

आत्याला संधिवात आहे. वयाबरोबर येणारा नव्हे. ज्यात शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते, तो. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा आत्याने ते जागच्या जागी आपल्या भाषेत करून घेतलं. "म्हंजे आपल्याच फिल्डरनी आपल्याच किपरला बॉल फेकून मारायचा! असली टीम घेऊन मी खेळायचं तरी कसं?" डॉक्टर क्रिकेट बघत नसावेत. ते नुसतं "तसंच काहीसं" म्हणाले आणि पुढे बोलता बोलता सुचवलं, की थकवा, ताप, सकाळी बोटं किती आखडतात, यांच्या जोडीने आरामातल्या नाडीवरही लक्ष ठेवायला हरकत नाही. 'हरकत नाही' एवढंच बोलले बिचारे. आत्याने त्याचा सण करून टाकला.

नाडी मोजणारं घड्याळ घ्यायला ती मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेली. दुकानदाराने पहिलंच घड्याळ असं काही वाखाणलं, की मी पैसे काढायला लागलो. आत्याने मला अडवलं, पिशवीतून नुकताच घेतलेला दुधी काढला आणि घड्याळ त्याला बांधलं. घड्याळाने क्षणभर विचार केला आणि दुधीची नाडी दाखवली. "बग रं, हा दुधी माझ्यापेक्षा ठणठणीत हाय!" आत्या ओरडली. "अरे माताजी, सब्जी को कौन पहनाता है?" दुकानदार कळवळला. मग आत्याने दुकानातलं एकेक घड्याळ बांधून, दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवून, स्वतः नाडी मोजून ताडून पाहिली. बोटांशी जुळलं ते घेतलं. तोवर दुकानाबाहेर गर्दी जमली होती आणि दोघातिघांनी आपापली मनगटंही पुढे केली होती.

तेव्हापासून चामटोलीतल्या त्या घरात सकाळ उजाडते ती दबकत. आत्याला जाग आली की ती डोळे मिटून तशीच पडून राहते, कारण आकडा घ्यायचा तो उठायच्या आधी. त्या वेळात म्हशीने हंबरू नये अशी तिची अपेक्षा असते. मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, एकदा "गॅस संपला" एवढं सांगितलं, तर त्यांच्यामुळे पाच वाढले म्हणून दिवसभर चहा बंद. आकडा मनासारखा आला की ती ओट्यावर येऊन गर्जते, "आजचा स्कोर बासष्ट!" आणि समोरच्या घरातून कुणीतरी टाळी वाजवतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचीही तिने यावर प्रतवारी लावली आहे. मोठे दीर बारा वाढवतात. मला ती कौतुकाने म्हणते, "तू आलास का दोनच वाढतात. गुणाचा हायेस."

गेल्या वर्षी गावची टीम स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली. आत्या मैदानावर खुर्ची टाकून बसते, पंचांना नावं ठेवते आणि कॉमेंट्री करणाऱ्याला मागून दुरुस्त करते. तिच्याविना सामना होऊच शकत नाही असं सगळ्यांना वाटायचं. पण त्याच आठवड्यात सकाळचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकायला लागला. ताप नव्हता, झोप नीट होती. सगळे हसले. मी म्हटलं, "आत्या, फायनलची धडधड आहे ही."

ती हसली नाही. "धडधड दिवसा होते रं. झोपेतून उठताना कसली फायनल? आणि बोटंपण जड वाटतात मना." संधिवाताचे डॉक्टर बदलापुरात फक्त रविवारी येतात, आणि फायनल रविवारीच होती. मामा म्हणाले, पुढच्या रविवारी जाऊ. मीही तेच म्हणालो. आत्याने एकदा मैदानाच्या दिशेने पाहिलं आणि चपला घातल्या. "टीम माझ्याबिगर खेळेल. हे हात माझ्याबिगर कोन बघनार?"

दवाखान्यात ही गर्दी. मी मोबाइलवर सामना लावला आणि आत्याने आवाज पूर्ण वाढवायला लावला. आधी लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग खुर्च्या सरकवल्या. शेवटच्या षटकाला तर सुजलेल्या गुडघ्यांचे आणि आखडलेल्या बोटांचे सगळे पेशंट माझ्या खांद्यावर ओणवे झाले होते. गोलंदाजी आपली, शेवटचा चेंडू, समोरच्यांना हवा एक चौकार. फलंदाजाने चेंडू असा उंच उडवला, की तो पडद्यावरून नाहीसाच झाला. "पकड़, पुट, पकड़!" एक सिंधी आजी कण्हायचं विसरून, परक्या पोराला लेक म्हणत ओरडली. आपल्या पोराने सीमेवर, पाठमोरा धावत, आडवा होऊन तो झेलला! दवाखाना दणाणला. टाळ्या मात्र फारशा वाजल्या नाहीत. तिथल्या बहुतेकांचे हात टाळी वाजवताना दुखायचे. त्यांनी पाय आपटले. डॉक्टर धावत बाहेर आले आणि आत्या आनंदाने ओरडली, "डॉक्टर, आता कनी नाडी बगू नका माझी!"

मग आत त्यांनी मनगटं दाबून पाहिली, तशी ती कळवळली. नुसत्या नाडीवरून काही ठरवता येत नाही, डॉक्टर म्हणाले. ती चहानेही वाढते आणि चिंतेनेही. पण सांध्यांना सूज येऊ लागली होती. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, औषध बदललं आणि म्हणाले, "लवकर आलात, बरं झालं. मागच्या वेळेसारखं अंथरूण धरायची वेळ येऊ नये." मागच्या वेळी आत्या महिनाभर स्वतःच्या हाताने जेवली नव्हती. ते मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

आम्ही घरी पोचलो तर गुलालाने माखलेली अख्खी टीम ओट्यावर. चषक जवळजवळ आत्याएवढा. "आत्या, पयला तू उचल," कप्तान म्हणाला. आत्याने हात पुढे केले आणि बोटं वळेचनात. मग चार पोरं खाली बसली, चषकाचा सगळा भार त्यांनी तळव्यांवर घेतला, आणि आत्याने वरून नुसते हात टेकवले. मी फोटो काढला.

तो फोटो आता तिच्या घरात लागलाय. मामांनी फ्रेमवाल्याकडून खालची बाजू, त्या चार पोरांसकट, कापून घेतली. औषध लागू पडलं, सूज उतरली. आत्या पुन्हा भाकऱ्या थापते, काही दिवस दोन, काही दिवस सहा. पाहुण्याने फोटोकडे पाहिलं की ती सांगते, "एकटीनं उचल्ला मी," आणि बोलता बोलता हात हळूच पदराखाली घेते. आम्ही सगळे मान डोलावतो.