लालबुंद आत्याची दरखास्त

स्टुलावर टेकायच्या आधी आत्या दोन्ही तळहात स्वतःच्या गालांवर ठेवायची आणि म्हणायची, "मुन्शीजी, तवा तापला बघा. भाकर टाका."

मग स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसायची की कचेरीच्या आवारातली सगळी माणसं माना वळवून बघायची.

मी तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. निजामाच्या वेळेपासून आमच्याकडं असल्या माणसाला मुन्शी म्हणतात आणि अर्जाला दरखास्त. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. परभणी जिल्ह्यातला होता, एवढं पुरे. नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. बंद पुकारला की सगळ्यात आधी एसटी थांबायची आणि तारखेला निघालेली माणसं फाट्यावरूनच परत फिरायची.

आत्या पालमच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायची. म्हणून ती अख्ख्या गावाची आत्या. गावातल्या लग्नांचा स्वयंपाक तिच्याकडं असायचा. पण पन्नाशीच्या आसपास, चुलीपुढं बसलं की तिचा गोरा चेहरा एकाएकी लाल व्हायला लागला. गाल, मान, छाती पेटल्यासारखी. धडधड व्हायची, पोटात कळ यायची आणि लगेच परसाकडं पळावं लागायचं. थोड्या वेळात सगळं ओसरायचं. मागं उरायचा तो थकवा, दोन-दोन दिवस न उठवणारा.

बायकांना वाटलं, हिच्या अंगात देवी येते.

"दोन मंगळवार मी देवी होते, मुन्शीजी," आत्या सांगायची. "वटी भरली, नारळ फोडले, पाया पडले. तिसऱ्या मंगळवारी देवी टमरेल घेऊन पळाली, तवा लोकांचा इश्वास उडाला."

शेवटी परभणीच्या एका डॉक्टरनं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं निदान झालं. आतड्यात गाठ होती आणि ती लिव्हरपर्यंत पसरली होती. असा आजार क्वचितच कुणाला होतो. हळू वाढतो, पण बरा होत नाही. तिखट, उष्णता, कष्ट, सगळं वर्ज्य. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका तिच्या खाटेभोवती उभा राहायचा.

"लग्नाच्या वक्ताला मला बघायला दोन मान्सं आल्ती," आत्या म्हणाली. "तिथं एकदम बारा डाक्टर. अन् एकानं बी नापसंत केलं न्हाई!"

आजाराचं नाव कार्सिनॉइड. आत्या त्याला कारसिनाबाई म्हणायची. चहावाल्यानं आलं घातलं की सांगायची, "आमच्या कारसिनाबाईला चालत न्हाई, बाबा."

सगळा घोळ हाच होता. आजार जितका जोर करायचा तितकी ती टवटवीत दिसायची. तुम्ही-आम्ही रस्त्यात पाहिली असती तर म्हणालो असतो, काय तेज आहे या बाईच्या तोंडावर! घरात मात्र सगळं काम भावजयीच्या अंगावर पडलं होतं.

"ती म्हंती, अक्का सोंग करायल्यात," आत्या एकदा म्हणाली. "रंग नवरीवानी, अन् घागर उचलवत न्हाई म्हनं. तिचं बी काय चुकलं? मलाच आरशात बघून पटत न्हाई." हसत सांगितलं तिनं, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "निराधाराचे पैसे मिळाले तर बरंच हाय. पन मला कागद पायजे, मुन्शीजी. शिक्क्याचा. ही बाई आजारी हाय म्हनून सरकारनं लिहून दिलेला."

मी निराधार योजनेचा अर्ज लिहिला. कारकुनानं मुंबईची कागदपत्रं उलटीपालटी केली. "यात कॅन्सर कुठं लिहिलंय? यादीत कॅन्सर आहे, टीबी आहे. हे कार्सि... जे काय असेल, ते नाही."

"लय लाजरी हाय ती," आत्या म्हणाली. "यादीत नाव घालत न्हाई."

मुंबईच्या दवाखान्याला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: हा कर्करोगाचाच एक प्रकार आहे. मग तालुक्याच्या समितीपुढं प्रत्यक्ष हजर राहण्याचं बोलावणं आलं.

इथं एक चूक माझीही झाली. मी तिला बजावलं, "आत्या, आत गेल्यावर हसायचं नाही. आजारी दिसायचं." गावातल्या बायकांनी त्यावर कडी केली. रंग दिसू नये म्हणून तिच्या गालांना चुलीतली राख फासली. आत्या एसटीतून उतरली तेव्हा कुंभमेळ्यातून परतल्यासारखी दिसत होती. आत गेली, पाच गंभीर चेहरे बघितले आणि तिला हसू फुटलं. हसू दाबायला गेली तर अंगातली लाली वर चढली. राखेखालून गाल डाळिंबासारखे दिसायला लागले.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची तब्येत आमच्यापेक्षा बरी दिसते." प्रकरण पुढच्या बैठकीवर गेलं.

बाहेर येऊन ती स्टुलावर बसली. राखेवर घामाचे ओघळ उतरले होते. स्टुलावर बसून ती हसली नाही, असं पहिल्यांदाच झालं. "मेल्यावरच पटंल का यास्नी?" एवढंच म्हणाली.

पुढच्या बैठकीला ती आली ती तोंड धुऊन, केस विंचरून, हातात एक फडकं घेऊन. फडक्यात काय आहे ते तिनं सांगितलं नाही. कागद वाचून दाखवायला म्हणून मीही आत गेलो. या वेळी समितीत आरोग्य केंद्राचे एक तरुण डॉक्टर नवीन आले होते.

आत्यानं सरळ जमिनीवर बैठक मारली आणि फडकं सोडलं. आत ज्वारीची भाकरी होती आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

"सायेब, कागद तुमी लय बघितले," ती म्हणाली. "आता मानूस बघा."

मी "आत्या, नको!" म्हणेपर्यंत तीन घास पोटात गेले होते.

क्षणभर काहीच झालं नाही. अध्यक्ष विचारत होते, "हा काय प्रकार आहे?" तेवढ्यात लाली निघाली. गालावरून मानेवर, मानेवरून खाली. डोळ्यांत पाणी आलं, श्वासाला शिट्टी लागली. डॉक्टर खुर्ची मागं ढकलून धावले, तिचं मनगट धरून घड्याळ बघायला लागले. शिपाई पाण्याला पळाला, अध्यक्ष उभे राहिले, फायली खाली पडल्या. आत्यानं पोट धरून एकच विचारलं, "संडास कुठाय?"

साहेबांच्या खास संडासाची किल्ली सापडेना. समितीत बसलेल्या तहसीलदारांनी स्वतःचे सगळे खिसे उलटे केले. ती अखेर त्यांच्या हातातच निघाली.

आत्या आत असताना डॉक्टर मला म्हणाले, "आमच्या पुस्तकात याच्यावर एक परिच्छेद होता. परीक्षेलाही आला नाही! मी आज पहिल्यांदा बघतोय." त्यांचा आवाज आनंदानं चढला होता आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

आत्या भिंतीला धरत परत आली. डॉक्टर रागावले, "पुन्हा असं करायचं नाही. जीव गेला असता."

"मंग तर बराबर पटलं असतं," आत्या धापा टाकत म्हणाली. तहसीलदारांकडं वळून तिनं सांगितलं, "सायेब, संडासाची फरशी मात्र लय झ्याक हाय तुमची."

आधी अध्यक्ष हसले. मग सगळी समिती हसली. डॉक्टरांनी तिथंच बसून दाखला लिहिला आणि सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मी तिला रागावणार होतो, पण त्याआधीच तिनं चहाची बशी माझ्या हातात दिली.

आठ दिवसांनी ती भावजयीला घेऊन आली. हडकुळी, उन्हानं रापलेली बाई. "वाचा, मुन्शीजी. मोठ्यानं वाचा," आत्या म्हणाली. मी वाचलं: सदर महिला दुर्धर आजाराने ग्रस्त असून कोणतेही कष्टाचे काम करण्यास असमर्थ आहे.

भावजयीनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ शिक्क्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की गं. पन माझ्या तोंडाला शिक्का नव्हता," आत्या म्हणाली आणि भावजयीच्या पाठीत धपाटा घातला. दोघी हसायला लागल्या. भावजय हसता हसता रडली.

त्यानंतर दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी दोघी मिळून यायच्या. कारकुनापुढं उभी राहून आत्या म्हणायची, "जित्ती हाय. चिमटा काढून बघा, पन हळू." दर वर्षी ती थोडी बारीक झालेली असायची. चौथ्या वर्षी कचेरीची पायरी चढवेना, तेव्हा कारकूनच रजिस्टर घेऊन लिंबाखाली आला.

पाचव्या वर्षी भावजय एकटीच आली.

"अक्कांनी सांगून ठिवलंय," ती म्हणाली. "मी गेल्यावर पैसे बंद करा म्हनून दरखास्त द्यायची. सायबास्नी वाटाया नको, बाईनं फसवलं."

त्या टेबलावर मी आयुष्यभर अर्ज लिहिले. सगळे 'मिळावे ही विनंती' इथं संपणारे. 'बंद करावे ही विनंती' असा तो एकच. कारकुनानं तो उभ्यानं वाचला, पोच दिली आणि आत गेला.

भावजयीला मी एसटीपर्यंत सोडायला गेलो. गाडीत चढून ती खिडकीशी बसली आणि सवयीनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरली. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कोन येनार हाय का?"

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं आणखी थोडी सरकली.